पोटातील प्रजा आणि रक्तातील साखर

सूक्ष्मजंतू हा शब्द मराठी मनात प्रथम शिरला तो भीतीचा हात धरून. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी एका विचित्र तापाचे निदान ग्रंथिक संनिपात, म्हणजे प्लेग, असे केले आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई निम्मी ओस पडली. पुण्यात त्याचे जे पडसाद उमटले ते आपल्या राजकीय इतिहासाचाच भाग होऊन बसले आहेत. घरे रिकामी करणे, भिंतींना चुना फासणे, कपडे जाळणे, माणसांना छावणीत नेऊन ठेवणे, या साऱ्या खटाटोपाचे कारण एकच सांगितले जाई : डोळ्यांना न दिसणारा एक जंतू. तेव्हा जंतू म्हणजे शत्रू आणि त्याचा नायनाट म्हणजे आरोग्य, हे समीकरण आपल्या दोन-तीन पिढ्यांनी बाळगले यात नवल ते काय?

त्याच मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा खोलीत वाल्डेमार हाफकीन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगवरील लस तयार करीत होता. १८९७ च्या जानेवारीत त्याने ती प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या राजभवनात त्याची प्रयोगशाळा गेली आणि १९२५ साली तिला त्याचेच नाव मिळाले. हाफकीन संस्था मराठी माणसाला परकी नाही. परंतु या हाफकीनचे गुरू कोण, हे सहसा सांगितले जात नाही. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथील विद्यापीठात त्याने ज्यांच्या हाताखाली अध्ययन केले आणि पुढे ज्यांच्या पाठोपाठ तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाला, ते एली मेचनिकॉव्ह. शिष्य मुंबईत जंतूंशी लढत होता. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच गुरू पॅरिसमध्ये असे सांगू लागले, की काही जंतूंशी माणसाने मैत्री करावी, त्यांना मुद्दाम पोटात घ्यावे. आज मधुमेहासंबंधी जे एक नवे प्रकरण वैद्यकशास्त्रात लिहिले जात आहे, त्याचे धागे या गुरुशिष्यांच्या काळापर्यंत मागे जातात. त्या प्रकरणाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आतड्यात काही जिवंत वस्ती आहे, हे प्रथम पाहणारा मनुष्य वैद्य नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी फान लेव्हेनहुक हा कापडाचा व्यापारी. स्वतः घासलेल्या भिंगांतून तो दिसेल ती वस्तू पाही. १६८१ साली त्याचे पोट बिघडले असता त्याने स्वतःची विष्ठाही भिंगाखाली धरली आणि तीत हलणारे जीव पाहून त्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. पुढील दोनशे वर्षे त्या वर्णनाला कुतूहलापलीकडे किंमत नव्हती. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या मळातून एक जंतू वेगळा केला. तोच आज त्याच्या नावाने एशेरिशिया कोलाय म्हणून ओळखला जातो. त्या शतकाच्या अखेरीस पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए याला अंगावर पिणाऱ्या निरोगी बालकांच्या पोटात एका वेगळ्याच, दोन फाटे फुटलेल्या जंतूचे प्राबल्य आढळले. जन्मतः बहुतांशी निर्जंतुक असलेले आतडे थोड्याच दिवसांत गजबजून जाते आणि ही गजबज बालकाच्या आहाराप्रमाणे बदलते, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

मेचनिकॉव्हची कल्पना याहून धाडसी होती. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्या कुजण्यातून निघालेली विषे रक्तात जातात आणि माणूस अकाली म्हातारा होतो, असा त्यांचा सिद्धान्त. त्यावर उपाय काय, तर दूध आंबविणारे जंतू पोटात सोडून कुजविणाऱ्यांना आवर घालणे. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरॉव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हात आपल्या देशातील दह्यातील जंतू शोधून काढला होताच. मेचनिकॉव्ह स्वतः नित्यनेमाने आंबट दूध घेऊ लागले. १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकाराच्या संशोधनाबद्दल, दह्याबद्दल नव्हे. पण जनतेने डोक्यावर घेतले ते दही. युरोपच्या शहरांतून दह्याच्या वड्या विकल्या जाऊ लागल्या. १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी मेचनिकॉव्ह वारले आणि ती लाटही ओसरली. सिद्धान्त अपुरा असताना बाजार मात्र पुरा भरतो, हा अनुभव त्या वेळी प्रथम आला. तो शेवटचा ठरला नाही.

आता या कथेचा दुसरा प्रवाह पाहू. मधुमेह हा शब्द आपला आहे आणि फार जुना आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षणही नोंदविले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या आचार्यांनी दोन जातींचे रोगी ओळखले होते. एक कृश, ज्यांचा रोग जन्माबरोबर आलेला. दुसरा स्थूल, ज्यांचा रोग अपथ्यातून उपजलेला. चरकाने सांगितलेली कारणेही मोठी बोलकी आहेत : सुखाने बसून राहणे, फार झोपणे, नवे धान्य, गुळाचे पदार्थ, दूध आणि दही. मेचनिकॉव्हने ज्या दह्यात चिरतारुण्य पाहिले, ते दही चरकाच्या यादीत प्रमेहाच्या कारणांमध्ये बसलेले आहे. यावरून कोण बरोबर, कोण चूक, असा वाद मांडण्यात अर्थ नाही. आहारातील एखादा पदार्थ उचलून त्याला अमृत किंवा विष ठरविण्याची आपली जी घाई असते, तिला या दोन थोर पुरुषांच्या मतभेदाने थोडा लगाम बसला तरी पुष्कळ झाले.

पाश्चात्त्य वैद्यकात मधुमेहाचे मूळ सापडले ते स्वादुपिंडात. १८८९ मध्ये श्ट्रासबुर्ग येथे फोन मेरिंग आणि मिंकोव्हस्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या प्राण्याला मधुमेह जडलेला पाहिला. १९२१-२२ मध्ये टोरोंटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिन हाती आले. १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले आणि मरणाच्या दारात उभी असलेली मुले परत फिरू लागली. एवढ्या लखलखीत यशापुढे आतड्याची कोणाला आठवण राहणार? मधुमेह म्हणजे इन्सुलिनची उणीव, हे सूत्र कायम झाले. पुढे असे दिसून आले, की बहुसंख्य प्रौढ रुग्णांत इन्सुलिन असते, पण शरीर त्याचे ऐकत नाही. आज्ञा सुटते आणि तिची अंमलबजावणी होत नाही, अशी ही स्थिती. सरकारी नोकरीत हयात घालविणाऱ्यांस ती निराळी समजावून सांगावयास नको! या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे कारण शोधता शोधता शास्त्र पुन्हा पोटाकडे वळले.

मधल्या काळात एक विलक्षण योगायोग घडून गेला होता. एशेरिशने बालकांच्या मळात पाहिलेला तोच जंतू १९७८ साली अमेरिकेत मानवी इन्सुलिन तयार करण्याच्या कामी लावला गेला आणि १९८२ पासून ते इन्सुलिन रुग्णांच्या हाती पडले. तोवर इन्सुलिन गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. पोटातील एक रहिवासी अशा रीतीने मधुमेहाच्या रुग्णाचा सेवक बनला, तोही पोटाबाहेर, कारखान्याच्या टाकीत. पण पोटाच्या आत त्याचे भाऊबंद काय करीत आहेत, हे मात्र गूढच होते.

गूढ राहण्याचे कारण साधे होते. यांतील बहुसंख्य जंतूंना प्राणवायू सोसत नाही. उघड्या बशीत ते वाढत नाहीत, मरून जातात. जे वाढत त्यांचीच मोजदाद होई. गावाची खानेसुमारी करावयाची आणि चावडीवर येऊन उभे राहतील तेवढीच माणसे मोजावयाची, असला तो प्रकार. पुढे जंतूंना न वाढविता, त्यांच्या आनुवंशिक द्रव्याचे वाचन करून त्यांची ओळख पटविण्याची रीत निघाली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती स्वस्त व वेगवान झाली. तेव्हा कोठे खरी शिरगणती सुरू झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे सामान्य वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशींहून थोडे अधिकच; आणि त्या सर्वांचे वजन मात्र पावशेराच्या आसपास. त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते.

या प्रजेचा आणि साखरेचा संबंध काय? २००४ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे फ्रेडरिक बेकहेड, जेफ्री गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मापासून निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांच्या पोटात त्यांनी सामान्य उंदरांच्या आतड्यातील जंतू सोडले. चौदा दिवसांत त्या उंदरांच्या शरीरातील मेद सुमारे साठ टक्क्यांनी वाढला आणि इन्सुलिनचा प्रभाव उणावला. आणि हे त्यांचे खाणे पूर्वीपेक्षा कमी झालेले असताना! जंतूंमुळे अन्नातून अधिक ऊर्जा काढून घेतली जाते आणि ती साठविण्याचा हुकूमही शरीराला मिळतो, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

पुढे आणखी दोन वाटा उघड झाल्या. आपण खातो त्या भाकरीतील, डाळीच्या सालीतील, पालेभाजीतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जंतू आंबवितात आणि त्यातून ब्युटिरिक, प्रोपिऑनिक, अॅसिटिक यांसारखी लहान आम्ले निर्माण करतात. ब्युटिरिक आम्ल हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. या आम्लांच्या स्पर्शाने आतड्यातील काही पेशी असे संप्रेरक सोडतात, की ज्यामुळे इन्सुलिनला चालना मिळते आणि भूक शमते. ही झाली हिताची वाट. दुसरी वाट अहिताची. अस्तर दुबळे झाले आणि आहार स्निग्धाने भरला, की काही जंतूंच्या कवचातील द्रव्ये रक्तात झिरपतात. शरीर त्यांना शत्रू समजून सौम्य पण अखंड असा दाह चालू ठेवते आणि त्या दाहात इन्सुलिनचा आवाज ऐकू येईनासा होतो. पात्रीस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिले.

उंदरांवरून माणसावर येताना मात्र पाऊल जपून टाकावे लागते. २०१२ साली चिनी शास्त्रज्ञांनी ३४५ व्यक्तींच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेही लोकांत ब्युटिरिक आम्ल निर्माण करणारे जंतू कमी, असे त्यांस आढळले. दुसऱ्याच वर्षी स्वीडनमध्ये सत्तरीच्या १४५ स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला. ब्युटिरिकवाले जंतू तेथेही कमी होते. परंतु रोग ओळखून देणाऱ्या जंतूंची चिनी यादी आणि स्वीडिश यादी परस्परांशी जुळेनात. रोग एक, मग खुणा दोन कशा?

उत्तराचा मोठा भाग २०१५ मध्ये मिळाला आणि तो सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. डेन्मार्क, स्वीडन व चीन येथील नमुने एकत्र तपासले असता असे दिसले, की ज्याला मधुमेहाची खूण समजत होते त्यातील पुष्कळसे काम मेटफॉर्मिन या औषधाचे होते. रुग्ण जी गोळी घेत होते तीच आतड्यातील वस्ती बदलीत होती! दुष्काळी तालुक्यांत मदतीच्या छावण्या जास्त दिसतात, यावरून छावण्यांमुळे दुष्काळ पडतो असा निष्कर्ष एखाद्या नवख्या अधिकाऱ्याने काढावा, तसलाच हा धोका. मात्र या शोधातून दुसरे दारही उघडले. २०१७ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांच्या आतड्यातील जंतू निर्जंतुक उंदरांना दिले असता त्या उंदरांची साखर पचविण्याची शक्ती सुधारली. म्हणजे १९५७ पासून मधुमेहावर वापरात असलेल्या या औषधाचा काही गुण तरी पोटातील प्रजेच्या हातून येतो. साठ वर्षे आपण औषध देत होतो आणि त्यातला एक वाटेकरी आपल्याला ठाऊकच नव्हता.

आता आपल्या देशाकडे वळू. १९७२ ते ७५ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. एम. एम. एस. आहुजा यांच्या नेतृत्वाखाली अनेक केंद्रांवर पाहणी केली, तेव्हा शहरांत शंभरी २.१ आणि खेड्यांत १.५ लोकांस मधुमेह आढळला. याच परिषदेच्या साह्याने झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी पाहणी सांगते, की वीस वर्षांवरील भारतीयांत हे प्रमाण ११.४ टक्के असून रुग्णांची संख्या दहा कोटींच्या घरात आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, सर्वांत कमी उत्तर प्रदेशात, ४.८ टक्के. दोन्ही पाहण्यांची रीत एक नव्हती हे मान्य करूनही वाढ नाकारता येत नाही. पन्नास वर्षांत माणसाचे बीज बदलत नाही. बदलते ते अन्न, बदलते ते श्रम, बदलते ते राहणे, आणि या तिन्हींबरोबर बदलते ती पोटातील वस्ती.

तथापि भारतीयांच्या मधुमेहाची गाठ केवळ खादाडपणाने बसलेली नाही, हे दाखविण्याचे श्रेय ज्या संशोधनांस जाते त्यांत एक दिल्लीचे आहे आणि एक पुण्याचे. दिल्लीत लाजपतनगर परिसरात १९६९ ते ७२ या काळात जन्मलेल्या मुलांची जन्मापासून वजने-उंच्या घेऊन ठेवण्यात आल्या होत्या. त्यांतील १,४९२ मुलेमुली तिशीच्या आसपास आली असता पुन्हा तपासली गेली आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांस मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ती दोन वर्षांची असताना इतरांपेक्षा हडकुळी होती आणि पुढे त्यांचे वजन वेगाने वाढत गेले. बाराव्या वर्षी त्यांतील एकही मूल स्थूल म्हणण्याजोगे नव्हते. उपासाने घडलेल्या शरीरावर सुबत्ता अकस्मात येऊन पडली, एवढाच त्यांचा अपराध!

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा जो अभ्यास चालविला, तो आज जगभर आधारभूत मानला जातो. ही बालके इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधील बालकांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी. पण तोटा पडला होता तो स्नायूंत, त्वचेखालचा मेद जवळजवळ शाबूत होता. दिसावयास कृश, आतून मेदस्वी. २००४ मध्ये याज्ञिकांनी लंडनचे आपले स्नेही जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र छापून हा मुद्दा जगाला पटविला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. कृश प्रमेही आणि स्थूल प्रमेही असा जो भेद प्राचीनांनी केला होता, त्यात या तिसऱ्या जातीची भर पडली असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

याच अभ्यासातून जंतूंचा विषय अनपेक्षित वाटेने पुढे आला. या मातांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेट मात्र कमी नव्हते. ज्यांच्यात फोलेट अधिक आणि ब-१२ उणे, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. हे फोलेट म्हणजे १९२८ नंतर ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीने मुंबईत गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा शोध घेताना ज्याचा माग काढला तेच द्रव्य. आणि ब-१२? ते ना वनस्पती करू शकते, ना प्राणी. सृष्टीत ते फक्त सूक्ष्मजीवच निर्माण करतात. दुधात किंवा मांसात ते येते तेही जंतूंच्याच कृपेने. आपल्या मोठ्या आतड्यातील जंतूही ते करतात. दुर्दैव असे, की शरीर ते शोषून घेते लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे माल तयार होतो त्या गावाच्या अलीकडेच जकात नाका! १९८० मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील आल्बर्ट, मथन आणि बेकर यांनी दाखवून दिले, की दक्षिण भारतातील निरोगी लोकांच्या लहान आतड्यातही ब-१२ करणारे जंतू असू शकतात. शाकाहारी प्रजेच्या पोषणात पोटातील या प्रजेचा वाटा किती, हा प्रश्न असा आपल्याच देशात विचारला गेला. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ घटते, हे लक्षात घेता तो प्रश्न रुग्णांच्या दृष्टीनेही निकडीचा ठरतो.

तेव्हा परदेशी खानेसुमारी आपल्यास पुरणार नाही, आपली आपणच केली पाहिजे, ही जाणीव येथे वाढली. २०१४ साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी मानवी मळातून एक नवा जीवाणू वेगळा करून त्याचे नामकरण केले : मेगास्फेरा इंडिका. २०१७ मध्ये पुणे विद्यापीठाच्या डॉ. सरोज घासकडबी, पेशीविज्ञान केंद्राचे डॉ. योगेश शौचे, डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी भारतीय मधुमेहींच्या आतड्यातील प्रजेची पाहणी प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे, की निरोगी माणसे, रोगाचे निदान नुकतेच झालेले रुग्ण आणि औषधोपचार चालू असलेले जुने रुग्ण, अशा तीन रांगा त्यांनी वेगळ्या मांडल्या. रोगाचे काम कोणते आणि औषधाचे कोणते, हे ओळखण्याचा तोच सरळ मार्ग. शिवाय केवळ जीवाणूच नव्हे, तर आर्किया नावाचे आदिजीव आणि बुरशीसारखे पेशीकेंद्रयुक्त जीव यांच्यातही फरक पडतो, असे त्यांनी दाखविले. माणसांची संख्या लहान होती. परंतु प्रश्न नेमका होता.

आमच्या दिल्लीच्या दक्षिणेला मथुरा रस्त्यावर फरिदाबाद आणि त्याच्या पुढे बल्लभगढ लागते. बल्लभगढच्या खेड्यांत आयुर्विज्ञान संस्थेने १९६५ पासून ग्रामीण आरोग्याचे काम चालविले. फरिदाबादच्या जैववैद्यकीय संशोधन संस्थेतील भवतोष दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये बल्लभगढ व लेह येथील ग्रामीण आणि नागर अशा निरोगी लोकांच्या आतड्यातील जंतूंची तुलना प्रसिद्ध केली. स्थळ बदलले, राहणी बदलली, की ही वस्तीही बदलते असे तीवरून दिसते. २०१९ साली भोपाळ आणि केरळ येथील ११० व्यक्तींच्या अभ्यासात भोपाळकडील मुख्यतः वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत प्रेव्होटेला या जंतूचे प्राबल्य आढळले. केरळच्या मिश्राहारी लोकांचे चित्र वेगळे होते. एका भारताच्या पोटात अनेक भारत नांदतात. मग शिकागो किंवा शांघायच्या मापाने बेतलेला अंगरखा आपल्याला जसाच्या तसा कसा बसावा?

श्रोतेहो, यावर आपण साहजिकच विचाराल, की या साऱ्याचा रुग्णाला उपयोग काय? सरळ उत्तर असे, की निरोगी माणसाच्या आतड्यातील जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. अॅम्स्टरडॅम येथे २०१२ मध्ये सडपातळ माणसांचे जंतू दिल्यानंतर सहा आठवड्यांनी स्थूल पुरुषांत इन्सुलिनचा प्रभाव वाढला. २०१७ मध्ये अधिक लोकांवर हाच प्रयोग केला असता अठरा आठवड्यांनंतर तो लाभ उरलेला नव्हता. दही लावणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना यात कोडे वाटणार नाही. विरजण कितीही चांगले असले, तरी भांड्यात दूधच नसेल तर ते लागावयाचे कशाला? आहार तोच ठेवून नुसते जंतू बदलणे म्हणजे पाण्याला विरजण लावणे होय. उलट २०१८ मध्ये चीनमध्ये मधुमेही रुग्णांस निरनिराळ्या धान्यांचा व चोथ्याचा भरपूर आहार देण्यात आला, तेव्हा आम्ले निर्माण करणाऱ्या जंतूंचा एक गट बळावला आणि ज्यांच्यात तो अधिक बळावला त्यांची साखर अधिक चांगली आटोक्यात आली. दूध आधी, विरजण मागाहून.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. मेचनिकॉव्हच्या काळी दह्याच्या वड्यांचा बाजार भरला होता, तसाच आज कुपीबंद जंतूंचा आणि विष्ठातपासणीच्या रंगीत अहवालांचा भरला आहे. मधुमेही माणसाचे औषध त्याच्या आतड्यातील जंतू पाहून ठरवावे, अशी पद्धत रुग्णालयांत अजून रूढ झालेली नाही. ती होण्याइतका पुरावाही जमलेला नाही. एखाद्या जाहिरातीवर विसंबून इन्सुलिन किंवा गोळी सोडणाऱ्याचे जे होईल, त्याची भरपाई कोणतीही कुपी करणार नाही. १९२२ पूर्वीची मुले कशी जात होती, हे इतिहासाने लिहून ठेवले आहे.

मग या इतिहासाने आपल्या पदरात काय टाकले? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली ही, की मधुमेह हा रुग्णाच्या जिभेचा गुन्हा आहे असे समजून त्याला लाजविण्याचा आपल्याला अधिकार नाही. लाजपतनगरची ती हडकुळी मुले आणि पुण्याजवळच्या त्या माता यांनी कोणता जिव्हालौल्याचा दोष केला होता? दुसरी ही, की औषध, अन्न आणि जंतू यांपैकी एकालाच कारण ठरवून मोकळे होता येत नाही. २०१५ चा धडा तोच आहे. आणि तिसरी गोष्ट राज्यकारभाराशी निगडित आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यांचाही उल्लेख आहे आणि २०२३ हे वर्ष भारताच्याच प्रस्तावावरून जगाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळ आणि पालेभाजी ज्या घरातून नाहीशी होते, त्या घरातील माणसांबरोबर त्यांच्या पोटातील लक्षकोटी तोंडेही उपाशी राहतात. शिधापत्रिकेवर त्या तोंडांची नावे नसतात. पण त्यांच्या उपासाचा जमाखर्च तीस वर्षांनी रुग्णालयाच्या नोंदवहीत मांडावा लागतो.

हाफकीनने मुंबईला जंतूंपासून वाचविले. ते ऋण न विसरता त्याच्या गुरूचे अर्धवट राहिलेले वाक्य पूर्ण करण्याचे काम आज पुण्याच्या, फरिदाबादच्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळांत चालू आहे. ते वाक्य पूर्ण होईपर्यंत वैद्याचे औषध चालू ठेवावे, ताटातील भाकरी सोडू नये आणि बाजाराच्या घोषणांनी हुरळून जाऊ नये, हेच शहाणपणाचे.